दोनदा ओढलेलं कुलूप

"हे चालवलं तर फायली परत उडणार नाहीत ना?" सार्थकनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही रे बाबा. ही नुसती नोंद आहे," श्रेया वैतागून म्हणाली. "टीव्हीवर मॅच परत दाखवतात, तेव्हा बॅट्समन परत आउट होतो का?"

सार्थक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. शालू मात्र हाताची घडी घालून उभी होती. तिचा या भावंडांवर अजून काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

गारखेड्यातली ही छोटी संस्था खेड्यापाड्यांतल्या माणसांचे आवाज जपून ठेवायची. श्रेयाची मोठी बहीण मोनिका इथं नोकरीला. शालूचे आजोबा मल्हारराव दौलताबादचे धनगर, त्यांच्या हाका आणि गोष्टी मोनिकानंच मागच्या वर्षी नोंदवल्या होत्या. उन्हाळ्यात मल्हाररावांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. उरला तो फक्त या कॉम्प्युटरमध्ये. आणि गुरुवारी दुपारी तोच इथून गायब झाला.

"मोनिकाच्या लॉगिनमधून गेला, म्हणजे तिनंच उडवला," असं व्यवस्थापक अप्पारावांनी जाहीर केलं. प्रमुख तात्यासाहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मोनिका घरी रडत बसली होती.

पण मोनिकानं एक शहाणपणा करून ठेवला होता. कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायची जी काळी खिडकी असते, ती उघडली की आतलं सगळं आपोआप नोंदलं जाईल अशी सोय तिनं केली होती. नोंदीत प्रत्येक अक्षर कधी उमटलं ती वेळसुद्धा राहायची. एक हुकूम दिला की सगळं जसंच्या तसं पुन्हा दिसे. तो हुकूम श्रेयाला पाठ होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत फटाके सोडून ही तिघं "ताईचा डबा राहिलाय" अशी थाप मारून आत शिरली होती. अप्पाराव तेव्हा कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी ते एकदा ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढलं, आणि "लवकर आटपा" म्हणून बाहेर चहा प्यायला बसले.

श्रेयानं गुरुवारची नोंद लावली. पडद्यावर एक अक्षर उमटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरं.

"कोंबडी दाणे टिपते का काय?" शालू म्हणाली.

"तेच म्हणते मी. ताई दहा बोटांनी धडाधड टाइप करते. हे एका बोटाचं काम आहे."

"पर नाव तर तुझ्या ताईचंच हाय." शालूचा आवाज कडक होता. "मुद्दाम हळू केलं आसंल."

श्रेयाला राग आला. तेवढ्यात सार्थक ओरडला, "अगं, हे पुसलेलं नाहीये! मल्हारआजोबांचं फोल्डर 'लाल डिस्क' नावाच्या, बाहेरून जोडायच्या डिस्कवर हलवलंय!"

शालू पटकन खाली वाकली. पुढं टाइप करणाऱ्यानं डिस्कवरच्या फायलींची यादी मागवली. यादी आली. त्यानं तीच यादी पुन्हा मागवली. मग जुनी जागा तपासली, तीही दोनदा.

"एकदा बघून याचं समाधान होत नाही वाटतं," सार्थक पुटपुटला.

शालू एकदम ताठ झाली. "कुलूप," ती हळूच म्हणाली. "भाईर बसलेत ते काका. कपाटाचं कुलूप दोनदा वढलं त्यांनी. म्या बघितलं."

तिघांनी दाराकडं पाहिलं. बाहेर बशीतला चहा फुर्र फुर्र वाजत होता.

"नुसत्या कुलपावर कोण विश्वास ठेवणार?" श्रेया म्हणाली. "शालू, तू वरच्या मजल्यावरून तात्यासाहेबांना घेऊन ये. सार्थक, तू चेहरा बावळट कर."

"करायची गरज नाय त्याला," असं म्हणत शालू पळाली. मघापासून पहिल्यांदाच ती हसली होती.

"काका, फाईल हलवायची कशी हो?" सार्थकनं बाहेर जाऊन विचारलं. "शाळेत कुणालाच येत नाही. ताई म्हणते, फक्त तुम्हीच शिकवाल."

अप्पाराव फुलले. आत येऊन त्यांनी मोनिकाच्या कॉम्प्युटरवर नवी काळी खिडकी उघडली आणि एका बोटानं टिपू लागले. फाईल हलवली, यादी पाहिली, परत यादी पाहिली. मागं तात्यासाहेब येऊन उभे राहिलेत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

श्रेयानं दोन्ही नोंदी शेजारी शेजारी चालवल्या. तीच रेंगाळणारी अक्षरं, तीच दोनदा मागवलेली यादी.

"अप्पाराव, हे काय आहे?" तात्यासाहेबांनी विचारलं.

अप्पारावांनी कीबोर्डवरून बोट उचललं आणि सगळं सांगून टाकलं. पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. जागा पुरेना म्हणून मोनिका जेवायला गेल्यावर तिच्याच उघड्या खिडकीतून त्यांनी ते फोल्डर दोन दिवसांसाठी लाल डिस्कवर हलवलं. शहागंजच्या व्हिडिओवाल्यानं लग्नाची फिल्म भरून द्यायला डिस्क मागितली तेव्हा घाईत तीच दिली. नंतर चूक कळली, पण तोंड उघडायची लाज वाटली.

"व्हिडिओवाला डिस्क आधी कोरी करतो," सार्थक घाबरून म्हणाला.

तात्यासाहेबांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "करनाच था साहब, चाय पीके बैठ रहा था." डिस्क अजून कोरी झाली नव्हती. शालूला तेव्हा कुठं रडू आलं.

रविवारी तात्यासाहेब मोनिकाला आणि मुलांना घेऊन दौलताबादला गेले. आधी त्यांनी सगळ्यांसमोर मोनिकाची माफी मागितली. मग म्हणाले, "नाव बघून मी निकाल दिला. या पोरांनी हात ओळखला. शाब्बास."

मल्हारराव बाजेवर बसले होते. शालूनं त्यांच्या मांडीवर मोबाइल ठेवला आणि नोंद सुरू केली. "हुर्रर्र, ये ग ये!" त्यांचीच जुनी, भरदार हाक माळावर गेली.

चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या. म्होरकी मेंढी वळली, आणि सगळा कळप धुरळा उडवत बाजेकडं धावत आला.

"आबा, वळखलं बगा त्यांनी तुमाला," शालू म्हणाली.

मल्हाररावांनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मोबाइलकडं बोट करून त्यांनी खूण केली, परत लाव.