ठमाबाईचा पाचवा पाय

माझ्या मागच्या खुर्चीवरचा माणूस हसला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

रविवार सकाळचा खेळ होता. छोटंसं थिएटर, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. पडद्यावर दुमजली घराएवढा कोळी धरणाच्या भिंतीवरून खाली उतरत होता. नायिका पळत होती, पडत होती, उठून पुन्हा पडत होती. कोळ्याने तोंड उघडून भलीमोठी डरकाळी फोडली… आणि मागून हसू. साधं खुदकन नव्हे, चांगलं पोट धरून.

मी गर्रकन वळले. "अहो, हसायचंच असेल तर बाहेर जाऊन हसा की! इथे लोक घाबरायला आलेत."

"कोण लोक?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "पुढचे आजोबा तर घोरतायत."

"मी आलेय ना."

"तुम्ही घाबरलात?"

"घाबरायच्या बेतात होते — तेवढ्यात तुम्ही हसलात."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याचे डोळे हसून हसून ओले झाले होते, आणि खरं सांगते, छान होते. "माफ करा," तो म्हणाला, "पण कोळ्याला डरकाळी फुटते कुठून हो? त्याला घसा तरी असतो का?"

हा प्रश्न मलाही लहानपणापासून पडलेला होता. पण ते कबूल करायला मी काही रस्त्यावर पडले नव्हते. मी पुढे तोंड करून ताठ बसले.

मध्यंतरात तो चहाचे दोन कप घेऊन हजर. एक माझ्यापुढे धरून म्हणाला, "तहाचा चहा." मी घेतला. राग चहावर काढायचा नसतो एवढं मला कळतं.

मग बोटांवर मोजत त्याने सिनेमाच्या चुका सांगायला सुरुवात केली. कोळी टेकडी चढतो तेव्हा त्याला ओढणारी दोरी दिसते. नायक निळ्या शर्टात गुहेत शिरतो आणि पांढऱ्या शर्टात बाहेर येतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांत सरबत आहे, कारण मागचा एक शास्त्रज्ञ ते हळूच पितो. कोळ्याच्या पोटाखालून एकदा मनगटी घड्याळ घातलेला हात बाहेर येतो.

"आणि पाचवा पाय…" इथे त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सात पाय चालत असतात. पाचवा अचानक लुळा पडतो. सतरा सेकंद नुसता लोंबकळतो आणि मग घाईघाईने परत चालायला लागतो, भलत्याच तालावर. त्या सतरा सेकंदांसाठी मी हा सिनेमा अकरा वेळा पाहिलाय."

"अकरा वेळा, नुसतं हसायला?"

"हसू येतंच हो. पण हल्लीचे ते कॉम्प्युटरवर केलेले राक्षस असतात ना, ते मला घाबरवतात आणि घरी पोचेपर्यंत मी त्यांना विसरतो. याला नाही विसरता येत. याच्या आत माणसं आहेत हे कळतं. कुणीतरी घामाघूम होऊन याला चालवतंय…"

माझा कप हातातच राहिला. इतकी वर्षं मी लोकांना या कोळ्यावर हसताना पाहिलं होतं. त्याच्या पोटातल्या घामाविषयी कुणी बोललं नव्हतं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ठमाबाईला आठ जण चालवायचे. डोक्याचा माणूस धरून नऊ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोण ठमाबाई?"

झालं! आता लपवून काय उपयोग?

माझ्या बाबांचं सोफे आणि गाद्यांचं वर्कशॉप आहे. एकदा एक दिग्दर्शक खुर्चीची सीट बदलून घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "मिस्त्री, कोळी कराल का? मोठा?" गिऱ्हाइकाला नाही म्हणायची बाबांना सवयच नाही. त्यांनी वेताच्या फासळ्या वाकवल्या, गुडघ्यांत सोफ्याच्या स्प्रिंगा बसवल्या, अंगावर काथ्याचे केस शिवले आणि डोळ्यांना स्कूटरचे आठ दिवे लावले. नाव ठेवलं ठमाबाई. प्रत्येक पायाला घरचा किंवा शेजारचा एक माणूस. डोक्यात बसून बाबा ताल द्यायचे — एक-तीन-पाच-सात, उचला! दोन-चार-सहा-आठ, उचला! पाचवा पाय आईचा होता.

पहिल्या खेळाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आईबरोबर पहिल्या रांगेत बसले. ठमाबाई पडद्यावर आली आणि सगळं थिएटर हसलं. बाबा मध्यंतरात उठून घरी आले, ते परत कधी गेले नाहीत. अजूनही कुणी तो विषय काढला की ते शिलाई मशीन जोरात सुरू करतात. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी मात्र कुठे खेळ लागला की गुपचूप जाते, कारण माझ्या बापाने दुमजली कोळी केलाय आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी तीन महिने तुम्हाला शोधतोय."

"मला?"

"म्हणजे… तुमच्या बाबांना." त्याचे कान लाल झाले. "नावांच्या पाटीवर नुसतं 'कोळी : मिस्त्री आणि मंडळी' एवढंच लिहिलंय. मिस्त्रींना शोधायचं कसं?"

तो जुन्या सिनेमांचे आवाज स्वच्छ करायचं काम करत होता. आमचा सिनेमाच सध्या त्याच्या टेबलावर होता. महिन्याभराने मोठ्या सभागृहात त्याचा खेळ होणार होता, आणि म्हाताऱ्या दिग्दर्शकाने निरोप दिला होता — काय ठेवायचं, काय पुसायचं ते कोळी करणाऱ्यांना विचारा. पत्ता मात्र त्यालाही आठवत नव्हता.

"मग सांगा," तो म्हणाला. "काय काय ठेवू?"

"सगळं पुसा."

"सगळं?"

"दोरी, घड्याळ, मागून ऐकू येणारी कुजबुज, सगळं. आणि तो पाय नीट चालवा. माझ्या बापाला परत कुणी हसायला नको."

त्याचा चेहरा एवढासा झाला. बराच वेळ त्याने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तुम्ही म्हणता म्हणून," तो म्हणाला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी वर्कशॉप बंद करून त्याच्याकडे जाऊ लागले. देखरेखीसाठी! असं मी स्वतःलाही सांगत होते. त्याची खोली छोटी, भिंतींना जाड कापड लावलेलं — शिवण वाकडी होती, ती मी दुसऱ्याच दिवशी उसवून नीट घातली. शेजारच्या टेबलावर त्याचा मित्र चित्र पुसायचा. बाहेर पावसाची भुरभुर असली तरी आत ऐकू यायची नाही. खिडकीच्या काचेवर नुसती दिसायची.

"हे घड्याळ कुणाचं?" तो विचारायचा.

"काकाचं. लग्नात मिळालेलं. तो आंघोळीलाही काढायचा नाही."

"मग… पुसू?"

"पुसा."

"आज तुम्ही 'पुसा' जरा हळू म्हणालात."

"तुमचे कान जरा जास्तच तिखट आहेत."

"पोटापाण्याचा प्रश्न आहे हो. तुम्ही जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबता, तेही ऐकू येतं. कशासाठी थांबता?"

केस नीट करायला थांबत होते. पण हे त्याला कशाला सांगू? "दम लागतो," मी म्हटलं.

"पहिल्याच मजल्याला?" तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हेडफोन ठेवू लागला. त्याचं बोट कानाच्या पाळीला लागलं — चुकून, की… तो चटकन वळला आणि भलतंच बटण दाबून बसला.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "हातातलं टाकून या. प्लीज."

मी गेले. त्याने खुर्ची पुढे केली. "मी डरकाळी सोलून काढलीय," तो म्हणाला. "लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्याचा आवाज आहे तो, उलटा वाजवलेला. सेटवरचे मूळ आवाज न काढताच त्यांनी तो वरून चढवला. पाचव्या पायाच्या वेळी खाली काय चाललंय ते ऐका."

आधी नुसती खरखर. मग लांबून बाबांचा आवाज, तरुण, खणखणीत — एक-तीन-पाच-सात, उचला! मग एक तान्हं बाळ रडायला लागलं. आणि अगदी जवळून एक बाई म्हणाली, "आले गं सोन्या, आले… रडू नको, आले हं." पावलं धावत लांब गेली. सतरा सेकंदांनी ती धापा टाकत परत आली. "धरला, धरला! चालू द्या."

मी तेव्हा सहा महिन्यांची होते. काथ्याच्या खोक्यात मला निजवलेलं असायचं, हे मला ठाऊक होतं. पण पाय का थांबला ते घरात कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे आईचे फोटो आहेत, साड्या आहेत. आवाज नव्हता. मला तो आठवतो असं मी नऊ वर्षं समजत होते आणि मी तो चुकीचा आठवत होते. खरा आवाज माझ्या आठवणीतल्याहून कोवळा होता.

मी हमसून हमसून रडले. त्याने समजूत घातली नाही. खोलीतला पंखा तेवढा बंद केला, म्हणजे मला पुन्हा नीट ऐकू यावं, आणि शेजारी खाली जमिनीवर बसून राहिला.

"मी हे पुसायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "किती मूर्ख आहे मी."

"मूर्ख कसल्या? बाबांना कुणी हसू नये म्हणून म्हणालात."

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. आधी नुसती उतारावर होते.

बाबांना आणणं मात्र सोपं नव्हतं. "त्या भुताचं नाव काढू नकोस," ते म्हणाले आणि मशीन सुरू केलं. मी मशीनच्या वरून ओरडले, "बाबा, त्यात आईचा आवाज आहे!" मशीन थांबलं. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

त्यांनी चार वेळा ऐकलं. मग हेडफोन मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत म्हणाले, "मी चिडलो होतो तिच्यावर. पाय सोडून पळालीस, शॉट वाया घालवलास म्हणून. तीन दिवस बोललो नव्हतो… आणि ती बिचारी बाळाला घेऊन पाय उचलायचा सराव करत होती."

"काका," त्याने बाबांना विचारलं, "काय काय पुसू?"

"काही पुसू नका. दोरीसुद्धा राहू द्या. गाठ मी मारलीय, लपवायची कशाला?"

मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं. महिनाभर मी एकेक करून सगळं पुसून घेतलं होतं. तो चष्मा पुसत पुटपुटला, "मूळ प्रत शाबूत आहे. तुमच्यासाठी मी दुसरीच प्रत पुसत होतो."

"म्हणजे महिनाभर तुम्ही मला फसवलंत?"

"तुम्ही रोज येत होतात ना," तो म्हणाला. "थांबवायचं कसं?"

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुद्दाम जोरात खोकले.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. बाबा पहिल्या रांगेत बसले, माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. ठमाबाई आली आणि लोक हसले. बाबांचा हात आणखी आवळला. दोरी दिसली तेव्हा लोकांनी हसत हसत टाळ्याच वाजवल्या. बाबा माझ्या कानाशी वाकले. "नीट बघ, गाठ जराही सरकली नाही." त्यांचा हात सैल झाला होता. सरबतवाल्या शास्त्रज्ञाला तर ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले.

मग पाचवा पाय लुळा पडला. तेवढ्या सतरा सेकंदांपुरती त्याने डरकाळी खाली घेतली होती. आले गं सोन्या, आले… हसणारं सभागृह गप्प झालं. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

खेळ संपल्यावर त्याने बाबांच्या हातात माइक दिला. बाबांना भाषणाची सवय नाही. "मी गाद्या शिवतो," ते म्हणाले. "ठमाबाई मी केली. पाचवा पाय माझ्या बायकोचा. पोर रडली म्हणून तिने तो सोडला, आणि बरोबर केलं. तुम्ही हसा, खुशाल हसा. तीही हसली असती." सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली की मला टाळ्या वाजवायचंच सुचलं नाही.

लोक बाबांभोवती जमले. तो माइक घेऊन कडेला आला, मी त्याच्या मागे गेले.

"काम संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून तुम्ही येणार नाही."

"भिंतीचं कापड अजून एका बाजूला सैल आहे."

"ते किती दिवसांचं काम?"

"मी सावकाश शिवते."

"मग…" त्याने मोठा श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. त्या पहिल्या दिवशी भांडलात तेव्हापासून. तुम्ही माझ्याशी लग्न — म्हणजे आज नाही, सवडीने — कराल का?"

कराल का… का… आवाज छताला लागून परत आला. मी वर पाहिलं, त्याने हातात पाहिलं. रोज दुसऱ्यांच्या चुका ऐकणारा हा माणूस स्वतःचा माइक बंद करायला विसरला होता. भरलेलं सभागृह आमच्याकडे तोंड करून उभं होतं. आधी एक शिट्टी आली, मग सगळेच्या सगळे हसायला लागले. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला आणि बटण काही सापडेना.

"उत्तर दे गं," बाबा गर्दीतून ओरडले. "लोक थांबलेत!"

 मी त्याच्या हातातून माइक घेतला, मान ताठ केली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं 'हो' म्हटलं.