फाटक कुणी उघडायचं

इंजिन उतरवून झालं त्या दिवशी मेरेरिदने गाडीच्या चारही चाकांभोवती खडूने रेघा मारल्या. तशी काही गरज नव्हती. पण जमीन मोजणीच्या खात्यात तिची एकतीस वर्षं गेली होती आणि मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ही बाई उकळत्या अंड्यालासुद्धा घड्याळ लावते, असं शेजारचा आलेद सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंही होतं.

गाडी तिच्या वडिलांची, इदवलची. जुनी लँडरोव्हर, शेवाळी हिरवी, पुढे दोघांची जागा आणि मागे उघडा हौदा. हाफोद लास या त्यांच्या शेतघराच्या शेडमध्ये ती चाळीसहून जास्त वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून शाबूत. खालची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र बोटाने दाबली तरी भुगा व्हायची. मेरेरिदने सप्टेंबरात काम काढलं, नवी चेसी घालून घेतली, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, आणि नोव्हेंबरात इंजिन बाकावर चढवून त्याचा एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायला घेतला.

"काय गं, लग्नात मिरवायची आहे का ही?" आलेदने दारातून विचारलं.

"तू तो पाना दे आणि तोंड आवर."

"इदवलना विचारलंस का पण?"

"विचारलं. नको म्हणाले. औषधालाही ते नकोच म्हणतात."

आलेदने पाना दिला, पण तो आत आला नाही. गाडीपासून लांब, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

अरेनिग डोंगराच्या उतारावरच्या मेंढपाळांत एक नियम आहे. गाडीत दोघं असले की फाटक डावीकडे बसलेल्याने उघडायचं. उतरायचं, उघडायचं, गाडी जाऊ द्यायची, फाटक लावायचं, आणि मगच चढायचं. माणूस एकटा असला तर त्याची दुसरी तऱ्हा. कुरणात पोचल्यावर गाडी सगळ्यात मंद गिअरमध्ये टाकायची, इंजिनाचा वेग धरून ठेवणारा हाताचा दांडा दोन खाचा ओढायचा, आणि उतरून मागच्या हौद्यात चढायचं. गाडी मुंगीच्या पावलाने आपली आपण चालत राहते, माणूस मागून मेंढ्यांना गवत टाकत जातो. स्टिअरिंगवर कोण? कुत्रा, असं हसून सांगायची पद्धत होती.

ब्याऐंशीच्या जानेवारीत इदवल आणि त्याचा धाकटा भाऊ एमलिन यांचं काहीतरी वाजलं होतं. कशावरून ते आता कुणालाच आठवत नाही. दुसऱ्या सकाळी दाट धुकं पडलं. धुक्यात डोंगरावर दोघांनी जायचं, हा घरचा रिवाज. इदवल अंथरुणातून उठलाच नाही. "जा एकटा," म्हणाला. दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला, तोकडा, दोनदा. त्याचे हात मोडलेत का, असं पुटपुटून इदवलने कूस बदलली. तासाभराने पुन्हा दोनदा वाजला. चहाच्या वेळी तो बाहेर आला तेव्हा गाडी फाटकाला नाक लावून उभी होती. इंजिन चालू, हौदा रिकामा, गवताच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या आकड्याला नीट गुंडाळून टांगलेल्या. एमलिन नव्हता. तो पुढेही कधी सापडला नाही.

मेरेरिद तेव्हा सोळा वर्षांची, बर्फामुळे शाळेच्या गावी अडकलेली. हॉर्नचं तिला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इदवलचं अर्धं अंग लुळं पडलं, वॉकरशिवाय पाऊल टाकता येईना, तेव्हा एकदाच तो बोलला. "हॉर्न वाजवत होता तो. मी उघडलं नाही." त्यानंतर रोज जेवताना त्याची नजर खिडकीतून फाटकावर जाई आणि घास हातात तसाच राही.

डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक उन्हाळा मिळाला तर नशीब समजा. बापाने हे ओझं घेऊन मरू नये, एवढंच मेरेरिदला हवं होतं. तिच्या मते सगळा प्रकार सरळ होता. एमलिन वरच कुठेतरी पडला, गाडी आपोआप उतारावरून आली, ओल लागून हॉर्न वाजला. अडचण एकच होती. वाटेत राखेच्या रंगाच्या खोडाचं एक जुनं झाड आहे, तिथे उतरताना वाट जवळजवळ काटकोनात डावीकडे वळते. तिने मोजलं होतं, चौऱ्याऐंशी अंश. म्हणजे गाडी डावीकडे ओढत असली पाहिजे. ते सिद्ध करायचं तर गाडी चालू करायला हवी होती.

खडूच्या रेघा मारल्याच्या चौथ्या सकाळी चाकं रेघांच्या पुढे होती.

तिने टेप लावली. चार सेंटिमीटर, दाराच्या दिशेने. तिने पाणसळ आणून जमीन तपासली. उतार होता, पण मागच्या भिंतीकडे. तिने चाकांपुढे विटा लावल्या आणि दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या सकाळी गाडी अकरा सेंटिमीटर पुढे आली होती. विटा खिडकीच्या कठड्यावर एकावर एक रचलेल्या होत्या. हाताचा दांडा दोन खाचा ओढलेला होता. तो दांडा ज्याला जोडायचा ते इंजिन बाकावर तुकड्या-तुकड्यांत पडलं होतं.

"आलेद, चेष्टा पुरे हं."

"आईची शपथ, मी त्या शेडात पाय ठेवलेला नाही. ठेवणारही नाही."

वडिलांवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. अंगणातल्या दहिवरावर वॉकरचा एकही ओरखडा नव्हता. मेरेरिदने आकडे वहीत लिहिले आणि कामाचा वेग वाढवला. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती जास्त काम करायची.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन बसलं, आणि पहिल्याच फटक्याला सुरू झालं. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर तिने गाडी सगळ्यात मंद गिअरमध्ये टाकली, दांडा दोन खाचा ओढला आणि खाली उतरली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने आलेद, असे गाडीबरोबर चालत राहिले. साठ मीटर. गाडी बोटभरही डावीकडे झाली नाही, की उजवीकडे झाली नाही.

आलेदने टोपी काढून डोकं खाजवलं. "मेरेरिद, हिच्यावर पुन्हा ताडपत्री घाल," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

चहाच्या वेळी इदवल तिच्याकडे बघत होता. आयुष्यात कधी आकडा न बदललेली मेरेरिद खोटं बोलली.

"डावीकडे ओढते बाबा ती. चांगली ओढते. त्या दिवशी वळण आपोआप घेतलं तिने. आत कुणी नव्हतं."

इदवलने कप खाली ठेवला.

"सरळ जाते ती," तो म्हणाला. "माझी गाडी आहे पोरी. मला सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून दाढी करायला मागितली. त्याच्या पुढच्या दिवशी दोन अंडी खाल्ली. मग डोंगरावर जायचे बूट मागितले आणि ते घालून खिडकीत बसून राहिला. घरात कशाला बूट, म्हणून तिने काढायला घेतले, तर त्याने तिचा हात बाजूला केला. चांगल्या हाताने नव्हे, लुळ्या हाताने.

मेरेरिदला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिने जाऊन गाडीची बॅटरी काढली आणि ती उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली. किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. सोमवारी आलेदच्या ट्रॉलीवर घालून गाडी तालुक्याला पाठवायची, असं तिने ठरवलं.

शनिवारी सकाळी धुकं उतरलं. जमिनीवर बोटभर बर्फ होता. अंगणापलीकडचं फाटकसुद्धा दिसेना.

"बाबा, आज खिडकीत काही दिसायचं नाही. इकडे शेगडीपाशी या."

"धुक्यात दोघांनी जायचं असतं," इदवल शांतपणे म्हणाला.

"कुणी कुठेही जायचं नाहीये. लापशी देते, थांबा."

ती वळली. लापशी ढवळली, मीठ घातलं. दीड मिनिट झालं असेल, फार तर दोन.

हॉर्न वाजला.

तोकडा. दोनदा.

तिचा हात खिशाकडे गेला. किल्ली खिशातच होती. दाराशी बॅटरी होती, तिने ठेवली तशीच.

खिडकीतली खुर्ची रिकामी होती.

ती पायात चपला होत्या तशीच धावली. शेडचं दार सताड उघडं. आत खडूच्या रेघा, आणि रेघांमध्ये मोकळी जमीन.

"बाबा!"

धुक्यात वर कुठेतरी इंजिन चालत होतं. सगळ्यात मंद गिअर, दोन खाचा. तिच्या हाकेने ते थांबलं नाही की घाईत आलं नाही.

फाटकावर वॉकर टांगलेला होता.

बर्फात चाकांचे ठसे फाटकातून पलीकडे गेले होते. ठशांच्या डाव्या बाजूला इदवलचे बूट उमटले होते. लांब, सारख्या अंतरावरचे. कडीपर्यंत गेलेले, पलीकडे गेलेले, फाटकाबरोबर परत फिरलेले. मग गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन संपलेले. मेरेरिदने सवयीने उजवी बाजूही पाहिली. तिथे एकही पाऊल नव्हतं.

तिने कडी ओढली. फाटक हललं नाही. ते नीट लावलेलं होतं, कडीवर सुतळीचे दोन वेढे होते, आणि गाठ पलीकडून, डोंगराच्या बाजूने मारलेली होती.