सतरा नंबरचा मुका भोंगा

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता सोनगंगेच्या वाळूत एकवीस भोंग्यांनी एकेक हाक दिली आणि बाविसावा गप्प बसला. तो नेमका वेणूच्या बाबांचा होता.

उन्हाळ्यात नदी आटली की तिच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडत. गावातली कुटुंबे त्या पट्ट्यांवर झोपड्या घालून टरबुजे आणि खरबुजे पिकवत. याला ते डांगरवाडी म्हणत. पण वर डोंगरात धरण होते. शहरांना जास्त वीज लागली की धरणातून पाणी सोडत, आणि अर्ध्या तासात कोरडी वाळू कमरेएवढ्या पाण्याखाली जाई. मोबाइलला तिथे नेटवर्क नव्हते. म्हणून प्रत्येक पट्ट्यावर उपग्रहाशी बोलणारा एकेक भोंगा उभा होता, आणि दर मंगळवारी आठ वाजता त्याची चाचणी होत असे.

सकाळची कामे उरकेस्तोवर साडेदहा झाले. मग अकरा वर्षांच्या वेणूने भोंग्याचा पत्रा पुसला, तार ओढून पाहिली. हिरवा दिवा ठणठणीत जळत होता.

"तब्येत त ठीक आहे याची," देवचंद डोकं खाजवत म्हणाला. "मग बोलून काऊन नाही राहिला?"

"बाबा, मी आत्याआजीले विचारून येऊ?"

"जाय. मी तोवर टरबुजं तोडतो."

वेणूने भोंग्याचा नंबर मनगटावर लिहून घेतला आणि घरच्या दोन होड्यांपैकी लहान डोंगा नदीच्या उरलेल्या धारेत लोटला. प्रवाहाबरोबर जायला अर्धा तास पुरे. परत वर यायला मात्र दीड तास लागायचा.

आत्याआजी म्हणजे देवचंदची आत्या, अनुसया. चाळीस वर्षे तिने निरोपांच्या जाळ्यांचे संशोधन केले होते. आता ती नदीकाठच्या घरात राहून धरणाच्या कचेरीला सल्ला देत असे. वेणूचे ऐकून तिने भिंतीवरचा पडदा सुरू केला.

"धरणाचा निरोप सरळ तुमच्या भोंग्यात येत नाही बरं का. तो आधी क्लाउडमध्ये जातो." (क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी थंडगार दालनांत ठेवलेले हजारो संगणक. आभाळातल्या ढगाशी त्यांचा काही संबंध नाही.) "तिथे प्रत्येक पट्ट्याची एक निरोपपेटी आहे. धरण पेटीत निरोप टाकतं, भोंगा तो उचलतो आणि ओरडतो."

"पेटीले कुलूप असते?"

"यादी असते. निरोप कोणी टाकायचा आणि कोणी वाचायचा, एवढंच त्या यादीत लिहिलेलं. तिला म्हणतात परवानगी-धोरण. ज्याचं नाव नाही, त्याला पेटी उघडत नाही. ही बघ तुमची."

पडद्यावर सतरा नंबरची पेटी आली. निरोप टाकणार : धरण. निरोप वाचणार : आणि पुढे काहीच नव्हते. सकाळी आठचा निरोप पेटीत तसाच पडून होता. भोंगा बिचारा साडेतीन तास दार ठोठावत उभा होता आणि त्याला कोणी आत घेत नव्हते.

वेणूला लगेच उमगले. जानेवारीत चिठ्ठ्या टाकून पट्टे वाटले, तेव्हा शेवंताकाकूला लांबचा सतरा नंबर निघाला होता. तिचे गुडघे दुखत, म्हणून बाबांनी स्वतःचा जवळचा चार नंबर तिला दिला आणि सतरा घेतला. ज्याने त्याने आपापला भोंगा उचलून नेला. डांगरवाडीत अशी अदलाबदल दरवर्षीच होई. पट्टे वाटणाऱ्या संस्थेच्या वहीत ती नोंदलीही होती. याच आठवड्यात वहीवरून याद्या बदलताना कचेरीतल्या बाबूंनी देवचंदच्या भोंग्याचे नाव चारच्या यादीतून खोडले, पण सतराच्या यादीत लिहायचे राहून गेले. एकटा माणूस आणि सहा हजार पेट्या!

"मग 'सगळे' असं लिहून टाक ना!" वेणू म्हणाली. "कोणीबी टाका, कोणीबी वाचा. कटकटच नाही."

"आणि एखाद्या टवाळानं 'पाणी आलं' असा खोटा निरोप टाकला तर?"

"आम्ही पळू. दुसऱ्या दिवशीबी पळू. तिसऱ्या दिवशी..." वेणूने मनगटावरचा नंबर पाहिला. "तिसऱ्या दिवशी बाबा जागचे हलणार नाहीत."

"म्हणून ज्याला जेवढं लागतं, तेवढीच मुभा द्यायची. भोंग्यानं फक्त वाचायचं आणि टाकायचं फक्त धरणानं."

तेवढ्यात धरणाचे अधिकारी गजभिये साहेब यांचा फोन आला. "बाई, साडेबाराला पाणी सोडतोय. इशारा बारा वाजता जाईल."

घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. डोंगा दीड तासाशिवाय पोचणार नव्हता, आणि तिचे बाबा वाळूत पाठमोरे, वाकून टरबुजे तोडत होते.

आत्याआजीने सारे सांगितले. साहेब गडबडले. "यादी लिहिणारे बाबू लग्नाला गेलेत हो! थांबा, मी पाणीच रोखतो. पण तासाच्या वर नाही जमणार. शहरात इस्पितळं बॅटरीवर आहेत."

"साहेब," वेणू मध्येच बोलली, "आमचं लिहायचं राहिलं, तसं अजून कोणाचं राहिलं असलं तर?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"सहा हजार पेट्या तासाभरात तपासणार कोण?" साहेब पुटपुटले.

"राखण्या," आत्याआजी म्हणाली.

शेताची राखण करणाऱ्याच्या नावावरून तिने आपल्या आज्ञावलीला (संगणकाला पायरीपायरीने काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांना) हे नाव दिले होते. दोन महिने ती साहेबांच्या मंजुरीसाठी अडून होती.

"बाई, माझी भीती तीच आहे. माणूस चुकला तर एक पेटी चुकते. हा चुकला तर सहा हजार!"

"भीती खरी आहे. म्हणूनच तो आधी नुसतं दाखवतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही." तिने वेणूकडे पाहिले. "सांग बाई, नियम काय लिहू?"

वेणूने डोळे मिटले. "ज्या पट्ट्यावर ज्याचं घर असंल, त्याचाच भोंगा त्या पट्ट्याच्या पेटीतलं वाचंल. फक्त वाचंल. टाकंल फक्त धरण."

"सहा हजार याद्यांऐवजी एक वाक्य," आत्याआजी हसली. "आता राखण्या संस्थेची वही वाचेल, म्हणजे काय असायला हवं ते कळेल. मग पेट्या पाहील, म्हणजे काय आहे ते कळेल. दोन्हींत जिथे फरक, तिथेच दुरुस्ती."

तिने बोट टेकवले आणि भिंतीवर अख्खी सोनगंगा उजळली. डोंगरातल्या उगमापासून थेट संगमापर्यंत सहा हजार ठिपके लागले, आणि एक मंद उजेड त्या सगळ्यांवरून वाऱ्यासारखा फिरून गेला. वेणूची पापणी लवली नसेल, तोवर काम झालेही होते. एवढी मोठी नदी एका दमात कोणी वाचू शकते, हे तिला खरेच वाटेना.

खाली, आणि तिकडे साहेबांच्या पडद्यावरही, तेरा ओळी उमटल्या. बारा ठिकाणी भोंग्याचे नाव लिहायचे होते आणि एका ठिकाणी खोडायचे होते. नऊशेतीन नंबरच्या पेटीवर, निरोप टाकणार : सगळे.

"हा मूर्खपणा कोणाचा?" साहेब ओरडले.

आत्याआजीने चष्मा काढून पुसला. "माझाच. चार वर्षांपूर्वी चाचणीसाठी ठेवलं होतं. दोन मिनिटांत काढते म्हटलं, आणि विसरले."

वेणूला हसू आवरेना. साहेबांनी तेराही ओळी मोठ्याने, बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाले, "मंजूर."

दोघी अंगणात धावल्या. दूर, उन्हात तापलेल्या वाळूतून एक बारीक हाक आली. फक्त एकच. पेटीत पडून राहिलेला सकाळचा आठचा निरोप सतरा नंबरच्या भोंग्याने बारा वाजायला सहा मिनिटे असताना वाचला होता! उघड्या दारातून दिसणाऱ्या पडद्यावर आणखी अकरा ठिपके त्याच क्षणी लुकलुकले. कुठल्या वळणावर, कोणाच्या झोपडीपुढे, कोण जाणे.

"तेबी आठचंच ओरडून राहिले असतील?" वेणूने विचारले.

"हो गं," आत्याआजी म्हणाली.

बाराच्या ठोक्याला लांब, तिहेरी इशारा झाला. बाविसाच्या बावीस भोंग्यांनी वाळू दणाणून सोडली. पाणी आले तेव्हा डांगरवाडीत चिटपाखरू नव्हते. देवचंद मोठा डोंगाभर टरबुजे घेऊन काठाला लागला आणि म्हणाला, "आज हा दोनदा काऊन ओरडला वं?" वेणू त्याला काही न सांगता नुसती बिलगली.

पुढल्या वर्षी वाळू सरकेल, चिठ्ठ्या निघतील, कोणीतरी कोणाच्या गुडघ्यांसाठी पट्टा बदलेल. वहीत नोंद झाली की पेटीची यादी मिनिटभरात बदलेल. कोणी चुकून हाताने बिघडवलीच, तर राखण्या ती पुन्हा सरळ करील.

त्यानंतरच्या मंगळवारी आठ वाजता वेणू भोंग्याखाली बसून मोजत होती. पूर्ण बावीस भरले. बाबांनी हाक मारली तरी ती उठली नाही. इथवर ऐकू न येणारे अकरा भोंगे होते ना, त्यांच्यासाठी ती आणखी थोडा वेळ कान देऊन बसली.