डोळ्यांखालची काळी वर्तुळं

स्वीडनमधल्या सिमरिसहाम्न बंदराच्या धक्क्यावर धुकं इतकं दाट होतं, की मी सरळ त्याच्या अंगावरच आदळले. माझी कॉफी त्याच्या कोटावर सांडली. त्याचे तारवटलेले डोळे, ओढलेला चेहरा पाहून मी माफी मागायचं सोडून विचारलं, "बरं नाहीये का तुला?"

"बरा आहे," तो म्हणाला. "माझं तोंडच असं आहे."

थोड्या वेळानं तोच माझ्यासमोर रंगभूषेच्या खुर्चीत येऊन बसला. याल्मार. आमच्या मालिकेतल्या खचलेल्या, एकलकोंड्या पोलीस तपासनिसाचं काम करणारा नट.

तीन हिवाळे मी रोज सकाळी त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं काढली. तो मिटल्या डोळ्यांनी माझी थट्टा करायचा, मी त्याला हलू नकोस म्हणून दटावायची.

या हिवाळ्यात मात्र वर्तुळं काढायची गरजच उरली नाही. थट्टा थांबली. खुर्चीत बसल्या बसल्या तो रोज खायचा तो दालचिनीचा गोड बन तसाच उरायला लागला. शेवटच्या भागात तपासनीस समुद्रात चालत जाऊन जीव देतो. सगळे म्हणत, भूमिकेत शिरलाय. मला मात्र धास्ती बसली होती... भूमिकाच त्याच्यात शिरली असेल तर?

त्या शेवटच्या प्रसंगाच्या चित्रीकरणाच्या दिवशी ओला बर्फ पडत होता. याल्मार पाण्यात शिरला. कमरेपर्यंत... छातीपर्यंत... दिग्दर्शिकेनं 'कट' म्हणून हाक दिली. तो वळला नाही.

मी बुटांसकट धावले. पाणी सुरीसारखं कापत होतं. त्याची बाही हाती लागली, ती मी घट्ट धरली.

"ऐकू... नाही आलं तुला?"

"आलं."

"मग?"

त्याचे ओठ निळे पडले होते. "वळलो की मालिका संपली, सिग्ने. उद्या सकाळी तू नसणार. या विचारानं महिनाभर झोप नाही मला."

माझ्या भीतीचा असा काही संताप झाला! "वेड्या, हे सांगायला एवढ्या गार पाण्यात यायचं?"

"काठावर धीरच होत नव्हता..."

"मग आता काठावर चल. माझ्या घरी चल."

त्या संध्याकाळी तो माझ्या सोफ्यावर झोपला. मी उशाशी बसून त्याचा श्वास ऐकत राहिले. जरा लांबला की मी वाकून पाहायची. माझा हात त्याच्या हातात होता. झोपेतही त्यानं तो सोडला नाही.