बाळंतिणीच्या खोलीतला पोपट

“विष कोणतं, तेवढं सांगा मॅडम!” दवाखान्यातून डॉक्टर फोनवर ओरडले. “औषध लागू पडत नाही. बाळाचा श्वास मंदावत चाललाय.”

फौजदार प्रियदर्शनी तलमडुगू गावातल्या एका घरात उभ्या होत्या. बाळंतपणाला माहेरी आलेली सपना आणि तिचं तान्हं सकाळी इथंच बेशुद्ध सापडलं होतं.

“हिनंच केलं!” सपनाचा भाऊ कुलदीप आपल्या बायकोकडे, वृषालीकडे बोट नाचवत होता. “काल कीर्तनातून आली, लाडू चारला माया बहिणीले. कपाशीवर फवारायचं औषध घरातच हाये!”

महिला शिपायानं वृषालीचा हात धरून ठेवला होता. “देवाचा प्रसाद होता, मॅडम. अर्धा मी बी खाल्ला.”

“खोटं बोलून राह्यली!”

प्रियदर्शनी खोलीत शिरल्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. कोपऱ्यात चूल, तिचं धुराडं वर गच्चीत गेलेलं. बाजेजवळ पिंजरा, आणि त्यात पोपट मरून पडलेला.

“पोपटाला लाडू घातला होता?”

“नाही जी. तो मिरचीबिगर कशालेच चोच लावत नाही,” वृषाली दारातून म्हणाली.

त्या धावतच गच्चीवर गेल्या; मागोमाग सगळे चढले. धुराड्याला खेटून वेचलेल्या कापसाचा ढीग होता. बाजूला एक रिकामं मडकं. आत बुडाला काजळीचं ताजं कडं, धुराड्याच्या तोंडाएवढंच.

“कापूस वर कोणी चढवला?”

“मीच. काल,” कुलदीप म्हणाला.

“आणि ठिणगी उडाली असती तर?”

कुलदीपची नजर मडक्याकडे गेली.

प्रियदर्शनींनी आधी फोन लावला. “डॉक्टर, विष पोटात नाही, श्वासातून गेलंय. कोंडलेल्या निखाऱ्यांचा वायू!”

“ऑक्सिजन वाढवतो,” पलीकडून आवाज आला.

मग त्या वळल्या. “जाळ विझल्यावर तुम्ही धुराड्यावर मडकं पालथं घातलंत, कापूस वाचवायला. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. पण विषारी वायू निघतच होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. लाडवाला न शिवलेला पोपटही त्यानंच मेला. सकाळी तुम्हाला उमगलं, म्हणून मडकं काढलंत. खरं ना?”

“मले वाटलं, आग तर विझली...” कुलदीप पुटपुटला. “मंग भेलो, मॅडम.”

“काऊन भेले?” वृषाली किंचाळली. “तिकडं लेकरू मरून राह्यलं, अन् तुमी माया लाडू दाखवत होते?”

“मडकं ठेवलंत ती चूक,” प्रियदर्शनी म्हणाल्या. “ते लपवलंत, डॉक्टरांना चुकीच्या विषामागे लावलंत, हा गुन्हा. चला.”

फोन वाजला. प्रियदर्शनींनी स्पीकर लावला.

“बाळ रडलं,” डॉक्टर म्हणाले. “आई अजून शुद्धीवर नाही.”

वृषालीनं डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतलं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

“माया हात सोडायले सांगा, मॅडम. सपनाताई उठेपर्यंत लेकराले पोटाशी धरायले कोणीतरी पाह्यजे.”