फ्यूजशेजारची तारीख

स्वतःच्या दुकानातला माल विकायला नकार देणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याच क्षणी तिला त्याचा संशय आला.

ती विमा कंपनीत दावे तपासायची. बारा वर्षं. जळालेली गोदामं, हरवलेल्या अंगठ्या, एकाच वर्षात दोनदा वारलेले गृहस्थ, सगळं पाहून झालं होतं. समोरचा खरं बोलू लागला की तिच्या भुवया आपोआप वर जात. अशा भाचीला मामांनी, गुडघे गेल्यावर, आपली घरगाडी देऊन टाकली. मागे पलंग, पुढे ओटा, खिडक्यांना पडदे, असं चाकांवरचं बिऱ्हाड. दोन महिन्यांच्या कामासाठी या गावी आली तेव्हा घरमालक नावाच्या प्राण्याशी संबंध नको म्हणून तिने तळ्याकाठच्या मैदानात गाडी लावली आणि तिथेच राहू लागली. तिसऱ्या सकाळी दिवे गेले. मैदानाच्या फाटकासमोरच बॅटऱ्यांचं दुकान होतं. दुसऱ्या कुणी त्याला नशीब म्हटलं असतं. तिने दुकानाचा फोटो काढून ठेवला.

"दोन नव्या द्या," ती म्हणाली.

बॅटरीवाल्याने गाडीतल्या सोफ्याखालची फळी उचलून आत डोकावलं. त्याच्या शर्टाला ॲसिडने इतकी बारीक भोकं पडली होती की त्याला शर्ट म्हणणं हा केवळ शिष्टाचार होता.

"जुन्या चांगल्या आहेत, मॅडम."

"मग दिवे का लागत नाहीत?"

"उपाशी आहेत. या बॅटऱ्या इंजिनाला धक्का देणाऱ्या नव्हेत. त्या एकदा जोर लावतात आणि मोकळ्या होतात. या बिचाऱ्या हळूहळू, तासन्‌तास देत राहतात. फक्त अर्ध्याच्या खाली उतरू द्यायच्या नाहीत. मनाला लावून घेतात."

"बॅटऱ्या?"

"हो," तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिने ते टिपून ठेवलं.

त्याने गाडी दुकानाच्या शेडमध्ये घ्यायला लावली. खायचा सोडा पाण्यात कालवला आणि जुन्या टूथब्रशने बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पावडर घासली. फसफसून फेस आला. मग चार्जर लावला आणि म्हणाला, "सहा तास."

"सहा?"

"आधी भराभर घेते, मग हळू, मग नुसतं चाखत बसते. शेवटचं घाईत उरकलं तर पोट भरत नाही."

सगळं झाल्यावर त्याने बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं प्रत्येक खणात घातलं. आधी का नाही, असं तिने विचारलं. आधी घातलं तर चार्ज होताना उतू जातं, तो म्हणाला. आधी फक्त आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या असतील तर, तेही त्या बुडण्यापुरतंच. तिने बाहेर जाऊन मामांना फोन लावला.

"बरोबर सांगतोय तो," मामा म्हणाले. "प्रामाणिक दिसतोय गं."

हे तर फारच संशयास्पद होतं.

जाताना त्याने कानावरची पेन्सिल काढून फळीवर तारीख लिहिली. जे जे तपासेल त्याच्या शेजारी तारीख लिहायची त्याला खोड होती. दुकानातल्या घड्याळावर, पंख्यावर, अगदी चहाच्या किटलीच्या बुडावरसुद्धा पेन्सिलीच्या तारखा होत्या.

"पुढच्या गुरुवारी आणा," तो म्हणाला. "काहीतरी वीज पितंय. बघायला लागेल."

पुढच्या गुरुवारी त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "सांगणं कठीण आहे." त्यानंतर दर गुरुवारी ती अर्धी रजा टाकून येऊ लागली, कारण दर गुरुवारपर्यंत बॅटऱ्या नेमक्या अर्ध्यावर येत. अर्ध्याच्या खाली कधीच नाही. हा नेमकेपणा तिला खटकायचा. त्याहून खटकायचं ते हे, की बुधवारी ती केस धुऊ लागली होती.

सहा तास म्हणजे काही थोडाथोडका वेळ नव्हे. तो काचेच्या नळीत ॲसिड ओढायचा, आतला तरंगता काटा बघायला दोघांना एकाच नळीजवळ डोकी आणावी लागायची. ॲसिड डोळ्यांत उडू नये म्हणून तो तिला चष्मा द्यायचा. देण्याआधी तो शर्टाच्या टोकाला पुसायचा, भोक नसलेलं टोक शोधून. शोधायला वेळ लागायचा. ती थांबायची.

"तुम्ही सगळ्यांनाच असा चष्मा पुसून देता?"

"नाही. बाकीचे स्वतःचा आणतात."

"आणि सगळ्यांच्याच बॅटऱ्यांना सात-सात आठवडे लागतात?"

"बाकीचे..." तो नळीकडे बघत राहिला. "बाकीचे नव्या घेऊन जातात."

एकदा चार्जर काढल्या काढल्या तिनेच मीटर लावला. आकडा झकास होता. "झालं की. निघते मी."

"आत्ताच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. चार्जर नुकता निघाला की बॅटरी जरा फुशारकी मारते. चार तास तिच्याकडून काही मागायचं नाही, तिला काही द्यायचं नाही. मग मोजायचं. जे उरेल ते तिचं स्वतःचं."

संशयाचं समर्थन करणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. त्या दिवशी ती चार तास जास्त बसली. आकडा थोडा उतरला आणि टिकला.

आठव्या आठवड्याच्या सोमवारी आदेश आला. इथलं काम संपलं, पुढचं ठाणं दोन दिवसांच्या वाटेवर, शनिवारी निघायचं, मुक्काम दोन वर्षं. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मग तो तीनदा उघडून वाचला. जाण्याआधी तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हा माणूस लबाड आहे की नाही. लबाड असता तर जाणं किती सोपं झालं असतं.

त्या गुरुवारी मैदानात परतल्यावर तिने बॅटरीच्या प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला. कुणी हात लावला तर ठिपका तडकणार. शुक्रवारी सकाळी सगळे ठिपके शाबूत होते आणि मीटरचा काटा मात्र उतरू लागला होता. म्हणजे बाहेरचं कुणी नव्हतं. चोर आत होता.

"बॅटरी आणि तारेच्या मध्ये मीटर जोड आणि एकेक फ्यूज काढून बघ," मामा फोनवर म्हणाले. "ज्याला काढल्यावर काटा शून्यावर येईल तो तुझा चोर."

पहिला फ्यूज काढला, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. चौथा काढला आणि काटा आडवा झाला. त्या फ्यूजखाली तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'सुरक्षा'. दाराचा भोंगा, खिडक्यांचा भोंगा, आणि सोफ्याखालच्या फळीवर रोखलेला कॅमेरा. गाडी मिळाल्या दिवशी तिने स्वतः बसवलेले, अहोरात्र जागे. जगात तिने संशय न घेतलेली एकच व्यक्ती होती, आणि नेमकी तीच निघाली.

मग तिला एक खूण दिसली. चिठ्ठीच्या कडेला, पेन्सिलीने, बारीक. दुसऱ्या गुरुवारची तारीख.

ती गाडी घेऊन थेट शेडमध्ये गेली. तिने त्या खुणेवर बोट ठेवलं.

बॅटरीवाल्याने वाकून खूण बघितली. "खोड आहे," तो म्हणाला. "हाताने लिहून झाल्यावर लक्षात आलं."

"सहा आठवडे माहीत होतं."

"हो."

"फ्यूज दाखवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं."

"म्हणूनच नाही दाखवला." त्याने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा तिथेच ठेवली. "बॅटऱ्यांना धक्का लागू दिला नाही. अर्ध्याच्या खाली एकदाही... तेवढं बघितलं. बाकी लबाडी होती. तुम्ही दर गुरुवारी यावं म्हणून. मला तुम्ही आवडता, मॅडम. पहिल्याच दिवसापासून. दुकानाचा फोटो काढलात तेव्हापासून."

तिच्या आत एक विलक्षण सुख पसरलं. तिचा संशय खरा निघाला होता. बारा वर्षांत इतका गोड पुरावा हाती आला नव्हता, आणि तोही गुन्हेगाराच्याच अक्षरात.

"उद्या निघायचंय मला," ती म्हणाली. "दोन वर्षांसाठी."

तो चष्मा उचलून शर्टाचं टोक शोधू लागला.

"आत्ता जे बोललात ते मी धरत नाही," ती म्हणाली. "चार्जर नुकता निघालाय. चार तास काही मागायचं नाही, काही द्यायचं नाही. मग बघू काय उरतं."

ती गाडीत जाऊन पडदे लावून बसली. तो शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने चुकून नव्या बॅटरीऐवजी सल्ला दिला. दुसरं आलं, त्याला आधीच्याची पिशवी दिली. पडद्याच्या फटीतून तिने हे सगळं वेळेसकट टिपून घेतलं. चार तास झाले. तिने आणखी दहा मिनिटं जाऊ दिली, पद्धत म्हणून. मग दार उघडलं.

"आता बोला."

"तेच," तो म्हणाला. आवाज मघापेक्षा थोडा उतरला होता, पण टिकला होता.

तिने मान हलवली. "वाट दोन दिवसांची आहे. वाटेत बॅटऱ्यांचं पाणी बघायला माणूस लागेल. तिकडे बॅटरीचं दुकान नाही, मी चौकशी केलीय. सोमवारीच."

"सोमवारीच?"

"कामाचा भाग."

शनिवारी सकाळी त्याने दुकानाची फळी लावली, तिच्यावर तारीख लिहिली आणि येऊन पुढच्या सीटवर बसला. तिने हात लांबवून दाराचा भोंगा बंद केला. मग खिडक्यांचा. कॅमेऱ्याशी तिचं बोट थांबलं.

"हा राहू दे," ती म्हणाली. "तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"बॅटरी उतरेल अगं."

"उतरू दे. भरायला तू आहेस ना."