तिसरा पाय फाटकाच्या आत

"तुमचा एक पाय आमच्या हद्दीत आहे."

मी कॅमेऱ्यावरून डोळासुद्धा काढला नाही. "माझे दोन्ही पाय रस्त्यावर आहेत."

"तुमचा नाही. स्टँडचा."

खाली बघितलं. खरंच, कॅमेऱ्याच्या स्टँडचा तिसरा पाय फाटकाची दगडी पट्टी ओलांडून चार बोटं आत गेला होता. शेजारी एक माणूस उभा होता. इतका उंच, की त्याचं बोलणं माझ्यापर्यंत पोचायला जरा वेळच लागायचा.

"जमिनी मोजता वाटतं?" त्याच्या खांद्यावरच्या टेपकडे बघत मी म्हटलं.

"हो. लोकांची हद्दीची भांडणं मिटवतो."

"आणि घरी आलात की लावता."

तो हसणार होता... पण त्याची नजर वर गेली आणि ओठ मिटले. "त्या खिडकीचा फोटो काढलात?"

काढला होता. आमच्या स्टुडिओला कॅलेंडरसाठी जुन्या खिडक्या हव्या होत्या, आणि या खिडकीला निळ्या-लाल काचा होत्या. पण खरं सांगायचं तर मी बटण दाबलं ते काचांमागच्या बाईसाठी. डोक्याला रुमाल बांधलेला, हनुवटी हातावर... आणि नजर अशी, जणू रस्ता तिचाच आहे.

"ती माझी आई आहे. आजारी असते. रोल काढून द्या."

मी स्टँडचा पाय उचलून बाहेर ठेवला. "पाय चुकला, माफ करा. रोल मात्र मिळणार नाही. रस्त्यावर उभं राहून जे दिसतं ते टिपायला मला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही आत येऊ नको म्हणा, आत आलेच तर जा म्हणा, मी निघेन. पण कॅमेऱ्याला हात लावता येणार नाही." स्टुडिओच्या मालकांनी हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

"मला कायदा शिकवता?"

"तुम्ही टेप घेऊन आलात. मी रिकाम्या हाताने कशी येऊ?"

त्याने खांद्यावरचा टेप खाली घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "औषधांनी तिचे केस गेलेत. कुणी तिला असं बघितलेलं... तिला नाही आवडायचं."

मी कॅमेऱ्यावरून हात काढला.

"त्या स्वतः म्हणाल्या तसं?" मी विचारलं.

वरची खिडकी उघडली. "मला कोण विचारतंय इथे? अरे, त्या फोटोवालीला वर आण."

"आई, नको."

"घर कुणाच्या नावावर आहे रे?"

त्याने मुकाट्याने फाटक उघडलं. ते असं किंचाळलं, की गल्लीतली कबुतरं उडाली ती थेट दुसऱ्या गावी जाऊन उतरली.

वर औषधांच्या बाटल्या होत्या, अर्धवट विणलेला स्वेटर होता. आरसा नव्हता.

"हा मला आरसा देत नाही," आई म्हणाल्या. "माझे जुने फोटो आणून उशाशी ठेवतो. जशी काही मी गेलेच. पोरी, आत्ताची मी कशी दिसते ते मला बघायचंय. काढशील?"

"काढते, मावशी."

तो दाराकडे वळला. मी त्याच्या हातात पांढरी चादर दिली. "ही धरा. खिडकीचा उजेड यांच्या चेहऱ्यावर पाडायचाय."

"दुसरं कुणी..."

"दुसरं कोण आहे इथे?"

त्याने चादर धरली. उजेड भिंतीवर पडला, मग उशीवर. "खाली घ्या. अजून. चेहऱ्यावर." उजेड नीट पाडायचा तर चेहऱ्याकडे बघावंच लागतं. आजारपण आल्यापासून तो चमच्याकडे बघायचा, गोळ्यांकडे बघायचा. आता त्याने आईकडे बघितलं. आईंनी रुमाल सोडला. चादर थरथरली, उजेड थरथरला... मी थांबले. तो सावरल्यावरच बटण दाबलं.

"पुरे आता," आई म्हणाल्या, "हात भरून येतील तुझे."

तो डोळे पुसत होता, आणि मी... मी कामातून गेले होते.

उतरताना जिन्यात म्हटलं, "तो खिडकीचा फोटो कॅलेंडरात जाणार नाही."

"पण तुमचा हक्क आहे ना?"

"आहे. म्हणून तर सोडता येतो."

फोटो घेऊन गेले, तेव्हा आई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "डोकं छान आहे की माझं," म्हणाल्या. "उगाच झाकत होते." त्यानंतर मला त्या गल्लीत सारखंच काहीतरी काम निघू लागलं. त्याच्या-माझ्यात तुम्हीचं कधी तू झालं, कळलंही नाही.

मग एके दिवशी ती खिडकी बंद दिसली, आणि दाराशी माणसं.

सगळे पाहुणे पांगल्यावर मी कामावरून तशीच गेले, स्टँड खांद्यावर. पण दगडी पट्टीपाशी पाय थांबले, स्टँड खाली टेकवला. तो पायरीवरून उठून आला. दाढी वाढलेली, हातात तो फोटो.

"आत का येत नाहीस?"

"परवानगी आईंची होती. देणारी गेली की परवानगीही संपते."

त्याने खाली बघितलं. "आता घर माझ्या नावावर होईल."

"मग?"

"मग... ये."

"आणि जा कधी म्हणशील?"

तो वाकला, माझा स्टँड उचलला आणि तिन्ही पाय पट्टीच्या आत, अगदी मोजून ठेवले. मग हात पुढे केला.

एकदा म्हणाला तो 'जा'. लग्नानंतर, रागाच्या भरात. मी वर गेले, निळ्या-लाल काचांची खिडकी उघडली आणि खाली बघून विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे रे?"

त्याने ते लग्नातच माझ्या नावावर केलं होतं. खाली उभा राहून हसत होता... डोळे पुसत.